सहावा डाग

माझ्या मोठ्या बहिणीने डॉक्टरीणबाईंना फसवले, चौकातल्या लॅबवाल्याने मला फसवले आणि मी माझ्या बायकोला फसवले. बायकोने कोणालाही फसवले नाही. भोगले मात्र तिने एकटीने.

हे लिहून काढतो आहे, कारण आमच्याकडे आता जो येतो तो "वाचली ना, झालं मग" म्हणतो आणि चहा पिऊन निघून जातो. माझ्या दृष्टीने ते झालेले नाही. आमच्या गावाचे आणि त्या छोट्या दवाखान्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांशी माझा अजून रोजचा व्यवहार आहे, आणि नाव लिहिले की माणसे नावावरच भांडत बसतात.

माझा धंदा जुन्या मोटरसायकलींचा. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून घर, घरापुढे पत्र्याचे शेड, शेडमध्ये आठ-दहा गाड्या. सुरुवात पंक्चर काढण्यापासून केली. आई लवकर गेली. मोठ्या बहिणीने, जिला मी बाई म्हणतो, धानाच्या रोवणीच्या मजुरीतून मला हवेचा पहिला पंप घेऊन दिला. पुढचे सगळे मी एकट्याने उभे केले, असे मी पुष्कळ वर्षे सांगत आलो. भाव करण्यात मला हरवणारा माणूस आसपासच्या गावांत नाही, हेही सांगत आलो. माझा आवाज मोठा, डोके लवकर तापते, आणि समोरचा थकल्याशिवाय मी थकत नाही.

एक गोष्ट मात्र मी कधी कोणाला सांगितली नव्हती. गाडी विकायला कोणी आले की मी त्याला शेडमध्ये इंजिन सुरू करायला लावायचो. शेडच्या मागे लगेच आमचे स्वयंपाकघर, मध्ये फक्त एक पडदा. बायको आत काम करत असायची. पिस्टन कशाला म्हणतात हे तिला आजही सांगता येणार नाही, पण आवाज कळायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एक गाडी घेतली तेव्हा ती आतून म्हणाली होती, "हे गाडी खोकलून राहिली." मी तिच्यावर खेकसलो. आठ दिवसांत त्या गाडीचे इंजिन खोलावे लागले. तेव्हापासून आमचे ठरले. आवाज चांगला असला की ती आतून विचारायची, "चहा ठेवू काय?" वाईट असला की म्हणायची, "दूध नासलं." मी चेहरा न बदलता माझा भाव सांगायचो. एकदा बिरसीकडचा एक माणूस जाता जाता मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या घरी दूध लय नासते. म्हैस बदलून पाहा." आत ती तोंडाला पदर लावून हसत होती, आणि पडदा हलत होता.

तर माझ्या धंद्याचा अर्धा भाग तिचे कान होते. हे मला तेव्हा कळत नव्हते असे नाही. बोलून दाखवायची गरज वाटत नव्हती.

धान निसवायचे, लोंब्या बाहेर पडायचे दिवस होते. बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे धानाच्या खाचरांच्या बांधांवर, गवत कमरेएवढे वाढले होते. बायको आमच्या दोन शेळ्यांसाठी रोज सकाळी गवत कापायला जायची, भारा बांधून झाला की तिथेच टेकून पान खायची, मग भारा कमरेवर घेऊन घरी. त्यात नवीन काहीच नव्हते. एका सोमवारी तिला थंडी वाजून ताप आला. आम्ही तापाची गोळी दिली. मंगळवारी डोके इतके दुखायला लागले की तिने डोळे उघडायचे बंद केले. बुधवारी पोट दुखते म्हणाली.

पोटदुखी म्हटल्यावर बाईने बिब्बा काढला. बाई विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहते. तिच्या हातचा बिब्बा गावात नावाजलेला आहे. सुईच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटले की बेंबीभोवती चटके द्यायचे. आमच्याकडे हे चटके पाचच द्यायचे असतात. चार नाही, सहा नाही. का ते मला माहीत नाही, बाईलाही नाही, आमच्या आईनेही पाचच दिले असतील. लहानपणी माझ्या पोटावरही तिने पाच दिले होते, त्यांतले दोन अजून दिसतात.

गुरुवारी मी बायकोला गाडीवर मध्ये बसवून, मागे बाईला बसवून, दवाखान्यात नेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताप मोजला, बोटातून रक्त काढून मलेरियाची पट्टी लावली, ती कोरी आली. मग त्यांनी विचारले, "शेतात, गवतात काम करतात का?" मी म्हणालो, "गावात कोण करत नाही मॅडम?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगावर कुठे काळी खपली आहे का पाहायचे आहे," आणि पडदा ओढून घेतला. मी पडद्याच्या बाहेर, बाई आत.

जे बोलणे झाले ते मी शब्दन् शब्द ऐकले.

"हे पोटावर काय आहे? सहा डाग आहेत."

"बिब्बा होय, मॅडम."

"सगळे?"

"हो ना, सगळे माझेच. मीच लावले. पोट दुखून राहिलं होतं तिचं."

"कशाला भाजता हो माणसाला? खरंच, कशाला?"

आदल्या वर्षी एका तान्ह्या पोराला बिब्बा लावला म्हणून नर्सने तिला गावासमोर झापले होते, पुन्हा केले तर पोलिसांना सांगीन म्हणाली होती. बाईला तिथून लवकर सुटायचे होते. आणि मी बाहेर उभा होतो. सहा हा आकडा माझ्या कानांवर पडला होता. गाडी घेताना चाकाच्या काड्या मोजणारा माणूस मी. बाई पाचच देते हे माझ्या स्वतःच्या पोटावर लिहिलेले. पण माझे लक्ष बाहेर होते. माझ्या तीन गाड्यांचा व्यवहार शुक्रवारी पुरा व्हायचा होता आणि फोन खिशात थरथरत होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "यांना गोंदियाला न्या. एक तपासणी करून घेऊ. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून एक जंतू अंगात जातो, त्याचा ताप असा येतो. त्याची पण पट्टी असते, पंधरा मिनिटांत कळते. आमच्याकडची संपली आहे, मागणी केली आहे, आलेली नाही."

गोंदियाला जायचे मला नको वाटते. तिथे मला कोणी ओळखत नाही, माझा आवाज तिथे कोणाला मोठा वाटत नाही. आमच्या चौकात मी उभा राहिलो तर चार माणसे बाजूला होतात. गोंदियाच्या दवाखान्यात मी रांगेतला एक. शिवाय शुक्रवार होता डोक्यात. मी म्हणालो, "थांबा मॅडम, इथेच तपासून आणतो," आणि तिच्या रक्ताची नळी भरून घेऊन चौकातल्या लॅबमध्ये गेलो.

लॅब म्हणजे एक काचेचे दार, एक टेबल, एक फ्रिज. तिथे सात-आठ माणसे बाकावर बसलेली. मी कोणालाही न विचारता पुढे गेलो. लॅबवाल्याने पांढऱ्या कार्डावर थेंब टाकले, त्यावर बाटलीतले रंगीत थेंब टाकले, कार्ड हातात धरून डोलावले, उजेडाकडे नेऊन पाहिले.

"टायफॉइड है, भाऊ."

"नक्की?"

"पक्का. लिख के देता हूँ."

दहा मिनिटे लागली नव्हती. बाकावरचा एक म्हातारा मला म्हणाला, "आमी सकाळपासून बसून आहोन, तुमी काऊन समोर गेले?" मी त्याला म्हणालो, "तुम्ही बसा, तुमचंही टायफॉइडच निघंल." बाकावरचे सगळे हसले. लॅबवालाही हसला. मला तेव्हा फार बरे वाटले. हातात कागद होता, कागदावर उत्तर होते. माणसाला भीती वाटत असली की कोणतेही उत्तर चालते, फक्त ते लगेच मिळायला हवे. हे मी आज लिहितो. त्या दिवशी मी ती चिठ्ठी घेऊन लढाई जिंकल्यासारखा परत आलो.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाहिली. "ही तपासणी खोटीही येते. पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल तरी येते. मी यावर भरवसा ठेवणार नाही."

"मॅडम, त्यानं पक्का म्हटलं."

"त्याला म्हणायला काय जातं? तुम्ही गोंदियाला न्या."

मग मी भाव सुरू केला. दुसरा शब्द नाही त्याला. मी म्हणालो, टायफॉइडचे इंजेक्शन तुमच्याकडे आहे, पलंग रिकामा आहे, चार दिवस इथे ठेवा. त्या म्हणाल्या, चार तासही नाही. मी आवाज चढवला, आमच्या गावाला तुम्ही नवीन आहात म्हणालो, मग आवाज उतरवला, आमच्या मुलीसारख्या आहात म्हणालो. त्या म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत ताप उतरला नाही तर न्यायचे. मी म्हणालो, तीन दिवस. बाहेर रुग्णांची रांग वाढत होती, त्या एकट्या होत्या, हे मी पाहून ठेवले होते. शेवटी त्या थकल्या.

"दोन दिवस. पण इथे सही करा. पुढे न्यायला सांगितलं होतं आणि नातेवाइकांनी नकार दिला, असं लिहिते."

मी ठसठशीत सही केली. दोन दिवस मी जिंकलो होतो.

ती दोन दिवसांची खोली मला विसरता येत नाही. तीन पलंग, त्यांतले दोन रिकामे. एक खिडकी, तिला जाळी, जाळीवर कोळ्याचे घर. सलाईनची बाटली लोखंडी खुंटीला. मी स्टुलावर, बाई खाली सतरंजीवर. बाहेर पडायला मला कोणी अडवले नव्हते, तरी बाहेर पडता येत नव्हते. शुक्रवारचा व्यवहार फोनवर करायला गेलो, तर समोरचा माणूस म्हणाला, "भाऊ, आज तुमचा आवाज काऊन बसला?" आणि त्याने मला हवा तो भाव देऊन टाकला. मला त्याचा आनंद झाला नाही. इंजेक्शन देऊन गेले की मी तिच्या कपाळावर हात ठेवायचो. कपाळ तव्यासारखे. पुढचे इंजेक्शन दिले की पुन्हा हात. पुन्हा तेच.

शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, "ऐकता काय? मले मोठ्या दवाखान्यात नेता काय?"

"उद्या पाहू. इथं औषध सुरू आहे ना? मॅडम म्हणते, सुधारणा आहे."

मॅडम असे म्हणाल्या नव्हत्या. हा माझा गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज होता, गुळगुळीत, खालच्या पट्टीतला. या आवाजात मी पुष्कळांना खोकणाऱ्या गाड्या विकल्या आहेत. तिने डोळे उघडले नाहीत. तशीच पडून म्हणाली, "दूध नासलं."

बाईला वाटले तिला भ्रम झाला. "कोनतं दूध, वयनी? दूध कोनी आनलंच नाई," म्हणाली. मी हसलो. आपल्या बायकोची थट्टा अजून शाबूत आहे म्हणजे ताप उतरणार, असे मी स्वतःला सांगितले. तिने माझ्या आवाजाला काय म्हटले ते मला नीट कळले होते.

मी तरीही उठलो नाही. कागदावर सही केलेली होती. डॉक्टरीणबाईंना हरवून आता त्यांच्यासमोर जायचे आणि चुकलो म्हणायचे, हे मला जमत नव्हते. दार उघडे असलेल्या खोलीत माणूस अडकतो तो असा.

शनिवारी सकाळी ती भरभर श्वास घ्यायला लागली. बोलताना दोन शब्दांनंतर थांबायची. डॉक्टरीणबाईंनी नुसते एकदा पाहिले आणि दवाखान्याची गाडी बोलावली. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, मी भांडलो असतो. गाडी यायला उशीर झाला, रस्त्यात फाटक बंद मिळाले. मालगाडी संपता संपत नव्हती. मी गाडीतून उतरून फाटकवाल्यावर ओरडलो. तो बिचारा काय करणार होता? फाटक उघडेपर्यंत मी रस्त्यावर उभा राहिलो, कारण आत बसून तिचा श्वास मोजणे माझ्याच्याने होत नव्हते.

गोंदियाला मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तापाचा सहावा दिवस संपत आला होता. तिला लगेच ऑक्सिजन लावला. वॉर्डात चष्मा लावलेले एक डॉक्टर होते, चाळिशीचे. त्यांनी हिंदीत, मराठीत, मिळेल त्या भाषेत भराभर विचारले, आणि मग तिच्या पोटावरचा कपडा बाजूला केला. या वेळी मी पडद्याच्या आत होतो.

"बिब्बा?" त्यांनी बाईकडे पाहून विचारले.

बाईने मान हलवली.

"कितने लगाए थे?"

"पाच," बाई म्हणाली. "आमी पाचच लावतो."

डॉक्टरांनी बोटाने मोजले. बेंबीभोवती पाच, लालसर तपकिरी, पापुद्रे सुटायला लागलेले. आणि खाली उजवीकडे, जिथे परकराची नाडी बांधतात तिथल्या वळाच्या अगदी खाली, सहावा. काळा, कोरडा, जणू विडी टेकवून विझवली आहे असा. भोवती लाल कडे.

"फिर ये छठा किसका है, माँजी?"

बाईने वाकून पाहिले. "ते पयलेपासूनच होतं," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, नाडीनं घासलं असंल."

"दुखत होतं का?"

"नाई ना. दुखलं असतं तर ते बोलली नसती?"

"ये दुखता नहीं है," डॉक्टर म्हणाले. "यही तो है." नर्सकडे वळून त्यांनी औषधाचे नाव सांगितले आणि म्हणाले, "पट्टी की राह मत देखो. अभी शुरू करो."

गवतातला तो किडा डोळ्याला दिसत नाही. जिथे कपडा घट्ट असतो तिथे चावतो, आणि जिथे चावतो तिथे न दुखणारा काळा डाग उमटतो. तो डाग एखाद्याने पाहिला की अर्धे निदान तिथेच झाले. आमच्या घरात तो डाग होता, पण त्याच्या भोवती आम्ही आमच्या हातांनी पाच डाग उभे केले, आणि तो त्यांच्यात लपला.

मला रक्ताची नळी देऊन लॅबकडे पाठवले. लॅबला लोखंडी जाळी, जाळीला नळीपुरती खिडकी. आतला माणूस माझ्यापेक्षा लहान होता. त्याने प्लास्टिकच्या छोट्या पट्टीत थेंब टाकला, वर पाण्यासारखे औषध टाकले, घड्याळ लावले.

"पंधरा मिनिट."

"दहा करा ना."

"भैया, ये बाजार नहीं है. पंद्रह मतलब पंद्रह."

मी जाळीला धरून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर अशी वस्तू होती जिच्याशी भाव करता येत नव्हता. ओरडून उपयोग नव्हता, गोड बोलून नव्हता, उठून जातो म्हणायची सोय नव्हती. पट्टीवर पाणी हळूहळू सरकत होते. आधी एक रेघ उमटली. तो म्हणाला, ही येतेच, हिचा अर्थ पट्टी चांगली आहे. मग खाली दुसरी उमटायला लागली. इतकी फिकी की मला वाटले, नाहीच. मग ती गडद होत गेली.

"है," तो म्हणाला. त्याने वेळ पाहिली आणि पंधरा मिनिटे पुरी झाल्यावरच लिहिले.

चौकातल्या माणसाने पक्का म्हटले होते तेव्हा मी हसलो होतो. याने एकच अक्षर म्हटले आणि मी जाळीपाशी खाली बसलो.

औषध साधे होते, कोणत्याही दुकानात मिळणारे. आम्ही दोन दिवस जे इंजेक्शन देत होतो ते या जंतूला लागूच पडत नाही, असे डॉक्टर म्हणाले. सोमवारी दुपारी ताप उतरला. मंगळवारी ऑक्सिजन काढला. बुधवारी तिने भात मागितला आणि बाई वॉर्डात सगळ्यांसमोर रडली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी तिला विचारत होती, "कायले रडता? बरी होऊन राहिली ना आता?"

गुरुवारी बायको मला म्हणाली, "काऊन इतके हळू बोलून राहिले? दवाखान्यात लाज वाटते काय?"

मी हळू बोलत नव्हतो. मला हळू बोलता येतच नाही.

सुरुवातीला सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे. मग कानाचे डॉक्टर आले, तिच्या कानांवर यंत्र लावले, कागदावर रेघ काढली. रेघ एका जागेपर्यंत सरळ जाऊन पुढे खाली कोसळत होती. या तापात कधीकधी कानाच्या नसेला इजा होते, ते म्हणाले. काहींचे परत येते, काहींचे थोडे येते.

मी विचारले, "दोन दिवस आधी औषध मिळालं असतं तर?"

"सांगता येत नाही."

"तुम्ही शिकलेले आहात. हो किंवा नाही काहीतरी सांगा."

"खरंच सांगता येत नाही, भाऊ."

वॉर्डातल्या त्या चष्मा लावलेल्या डॉक्टरांनाही मी तेच विचारले. ते म्हणाले, चौथ्या दिवशी पट्टी लावली असती तर कदाचित कोरी आली असती, पट्टीला हवी ती खूण रक्तात यायला दिवस लागतात. पण डाग होता. डाग ओळखला असता तर पट्टीची वाट कोणी पाहिलीच नसती. आणि सहाव्या दिवशी तर ती बोललीच. सहाव्या दिवशी सकाळी आम्ही अजून त्या छोट्या दवाखान्याच्या खोलीतच होतो.

सांगता येत नाही, या तीन शब्दांत मी तेव्हापासून अडकलो आहे. कोणी मला म्हणाले असते, तुझ्यामुळे झाले, तर मी ते घेतले असते. कोणी म्हणाले असते, तुझ्यामुळे नाही, तर झोपलो असतो. तिचे थोडे ऐकणे परत आले. समोर बसून मोठ्याने बोलले की कळते, माणसाचा जाडा आवाज कळतो. बारीक आवाज गेले. भांड्यात दूध उतू जाते तो आवाज गेला. इंजिनातली टिकटिक, साखळीची कुरकुर, खोकला, सगळे गेले. तिच्यासाठी आता सगळ्या गाड्या एकसारख्या गुरगुरतात.

बाईने घरी आल्यावर बिब्ब्यांची डबी शेडच्या मागे नेऊन पुरली. आता कोणी पोट धरून आले की ती त्याला दारातूनच विचारते, "गवतात बसला होता काय? नाडीखाली पाह्यलं काय?" चार बायांना तिने स्वतः ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेले. डॉक्टरीणबाईंना तिने सांगूनही टाकले की मी खोटे बोलले होते. मी तिला एक शब्द बोललो नाही. तिच्या पंपावर माझा धंदा उभा आहे, आणि सहा हा आकडा माझ्याही कानांवर पडला होता.

परवा केशोरीकडून एक जण गाडी घेऊन आला. चांगली ठेवलेली, रंग नवा. मी म्हणालो, "चालू कर." त्याने किक मारली. इंजिन सुरू झाले आणि मी सवयीने पडद्याकडे कान लावला. आतून काही आले नाही. तो माणूस म्हणत होता, "पाहा भाऊ, कसा आवाज आहे, एकदम घुंगरू." मी उभाच. तेवढ्यात पडदा सरकला आणि ती स्वतः बाहेर आली, हातात चहाचे दोन कप. गाडी आलेली तिने खिडकीतून पाहिली होती आणि पाहुणा आला म्हणून चहा केला होता. क्षणभर माझ्या जिवात जीव आला. चहा म्हणजे गाडी चांगली. मग आठवले की तिला काहीच ऐकू आलेले नाही.

मी चहा घेतला. गाडी घेतली नाही. तो माणूस चिडून गेला. ती मला म्हणाली, "काऊन नाही घेतली? चांगली दिसत होती." मी मोठ्याने म्हणालो, "दूध नासलं." तिने नुसते माझ्या ओठांकडे पाहिले. मग हसली, पण उशिरा.

बाईने तिच्या वाट्याचे सांगितले आहे. माझ्या वाट्याचे दोन दिवस मी इथे लिहिले आहेत, सहीसकट. डॉक्टरीणबाईंनी विचारायचे ते विचारले होते. उरला चौकातला लॅबवाला. तो आजही तेच कार्ड डोलावतो आणि बाकावरच्या प्रत्येकाला पक्का म्हणतो. आणि उरला तो, जो कोणी कुठल्या खुर्चीत बसून ठरवतो की पंधरा मिनिटांची ती पट्टी कुठे असायची आणि कुठे संपायची. धुऱ्यांवर गवत वाढते आमच्याकडे आणि पट्टी मिळते गोंदियात. मागणी गेली होती. ती कोणाच्या टेबलावर पडून होती?

या दोघांनी माझ्याकडे येऊ नये. माझ्याशी ते भाव करतील आणि मी सवयीने ऐकून घेईन. त्यांनी माझ्या बायकोसमोर बसावे आणि तिला उत्तर द्यावे. मोठ्याने द्यावे. तिला ऐकू जाईपर्यंत द्यावे.